पाइपवालं की वायरलेस

४ ऑक्टोबर, शनिवार

ही डायरी मोटर कंपनीने जानेवारीत भेट दिली होती. तेव्हापासून दुकानात गल्ल्यावर पडून होती, अन् तिच्यावर चहाचे ग्लास ठेवून ठेवून कव्हरवर गोल गोल डाग पडलेत. आज घरी आणली. कारण घरात कुणाशी बोलायची सोय राहिली नाही. उषा म्हणते, तुमचं तेच ते चाललंय. निशा म्हणते, पप्पा, इतना मत सोचो. म्हणून इथं लिहितो. कागद मधे मधे बोलत नाही.

विषय असा आहे. निशा ही माझी एकुलती एक पोरगी. माशांचं शास्त्र शिकली, मग दोन वर्षं कोकणात राहून समुद्रात बुड्या मारायचं शिकली. आता दसऱ्याला घरी आली ती बातमी घेऊनच. मालवणला समुद्राच्या तळाशी प्रवाळ असतं, त्याची पाहणी करणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरी लागली. पाठीवर हवेची टाकी बांधायची अन् रोज साठ फूट खाली जायचं. नोव्हेंबर लागला की हजर व्हायचं. मी विचारलं, कोरडी नोकरी कुठं मिळत नव्हती का? बुऱ्हाणपूरच्या पोरी बँकेत लागतात, शाळेत लागतात. त्यावर मायलेकी हसल्या.

बाकी सामान तिने जमवलंय. एकच वस्तू राहिली, टाकीत हवा किती उरली ते दाखवणारं गेज. ते म्हणे मी घेऊन द्यायचं. "तुम्हीच ठरवा पप्पा, तुमची लाइन आहे," असं म्हणाली. आता लाइन माझी आहे हे खरं. शनवारा चौकात माझं मोटर, स्टार्टर अन् ड्रिपचं दुकान आहे. प्रेशर गेज विकण्यात माझे केस पांढरे झाले. फोपनारला आपल्या केळीच्या बागेत फिल्टरवर गेज आहेच. त्याचा काटा दोन वर्षं दीडवर अडकलाय, ती गोष्ट वेगळी.

तर त्यात प्रकार दोन. एक पाइपवालं. टाकीपासून रबरी नळी येते, तिच्या टोकाला तबकडी, तिच्यात काटा. दुसरं वायरलेस. टाकीच्या तोंडाशी एक बोंड बसवायचं, ते हवेचा आकडा मनगटावरच्या घड्याळाला पाठवतं. मधे नळी नाही.

विचार करून सांगतो म्हटलं. खरं लिहायचं तर मला घाई नाही. गेज ठरत नाही तोवर पोरगी घरात आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

दुकानात आज सामसूम. केळीच्या कांदेबागेची लागवड चालू आहे, गिऱ्हाईक सगळं शेतात. म्हणून निवांत विचार केला.

नळी म्हटली की माझं डोकं उठतं. ड्रिपच्या धंद्यात मी जर कुणाचे तळतळाट घेतले असतील तर ते खारींमुळे. बागेत नळी अंथरली की खार येते अन् कुरतडते. नवी नळी, चांगली नळी, कंपनीची नळी, काही बघत नाही. मग शेतकरी दुकानात येऊन माझ्या नावाने शिमगा करतो. समुद्रात खारी नसतील, पण मासे आहेत. माशांना दात असतात का, हे निशाला विचारलं. ती म्हणाली, असतात ना पप्पा, काहींना चांगले असतात. झालं. पाइपवालं तिथंच माझ्या मनातून उतरलं.

वायरलेस म्हणजे आपला मोबाइल स्टार्टर. हा मी या जिल्ह्यात ज्या जोमाने विकला तसा कुणी विकला नसेल. मोटरला घरून फोन लावायचा. फोनवर बाई सांगते, लाइट आहे, मोटर चालू आहे, पाणी ओढते आहे. फोपनारची मोटर मी जेवता जेवता बंद करतो. उषा म्हणते तुम्ही त्या बाईला जितके फोन करता तितके मला कधी केले नाहीत. पण ती बाई खरं सांगते अन् तेवढंच सांगते.

तर मग निशा समुद्रात, मी शनवाऱ्यावर, अन् तिच्या टाकीत हवा किती ते माझ्या मोबाइलवर. कमी झाली की लगेच सांगता येईल, बाई, वर ये. खात्री करायला निशाला विचारलं, त्या वायरलेसचं मोबाइलवर काही ॲप असतं का? हो, असतं ना, असं म्हणाली अन् फोन वाजला म्हणून गच्चीवर गेली. हल्ली तिला घरात रेंज मिळत नाही. मला तर मिळते.

वायरलेस ठरल्यात जमा आहे. अजून कुणाला सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

निशाने एक नंबर दिला. अक्षय म्हणून कुणी मालवणला असतो, गेजमधलं त्याला सगळं कळतं, काय विचारायचं ते त्याला विचारा म्हणाली. कंपनीचा माणूस दिसतोय. फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला अन् "नमस्कार काका" म्हणाला. मी नाव सांगायच्या आधी.

पाऊण तास बोललो. आमच्या लाइनमध्ये असा सेल्समन मी पाहिला नाही. हे घ्या, ते घ्या, स्कीम आहे, असलं एकदाही बोलला नाही. पाइपवाल्याला बॅटरी लागत नाही म्हणाला. वायरलेसची बॅटरी संपू शकते, पण आकडा सतत डोळ्यासमोर राहतो. मी विचारलं, तू स्वतः कोणतं वापरतो? तो म्हणाला, वायरलेस, काका. पाइपवालं जुनं बॅगेत पडून आहे.

टाकी भरली की दोनशे किलोचं प्रेशर असतं म्हणे. माझ्या हातातला फोन पडता पडता राहिला. आपलं ड्रिप दोन किलोवर चालतं, तीन झालं तर जोडण्या उडतात. दोनशे किलो पोरीच्या पाठीवर.

फोन ठेवल्यावर उषाने विचारलं, आवाज कसा आहे? मी म्हटलं, आवाजाचं काय करायचं, माहिती चांगली आहे. आडनाव काय, घरी कोण कोण असतं, हे विचारलं का, असं तिचं पुढं. मी तिला म्हटलं, गेज घ्यायचंय, शिरगणती नाही करायची.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज प्रयोग केला. वायरलेस पाण्यातून चालतं की नाही, हे कुणाच्या सांगण्यावर का सोडायचं? उषाचा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर रबर बांधला अन् बादलीत बुडवला. माझ्या मोबाइलवरून फोन लावला. वाजला. पाण्यातून घुमत घुमत, पण चांगला वाजला. म्हणजे चालतं.

पिशवीला बारीक भोक होतं, ते नंतर कळलं. मोबाइल आता तांदळाच्या डब्यात आहे.

उषा एवढी चिडेल असं वाटलं नव्हतं. मोबाइल जुना आहे, नवा घेऊ म्हटलं. तर म्हणते त्यात माझं किती काय होतं. किती काय म्हणजे काय, तर मालवणच्या कुण्या बाईशी ती सोलकढी कशी करायची यावर रोज बोलत असते. तिचा नंबर गेला. मी म्हटलं, सोलकढीवाचून आपलं पन्नास वर्षं अडलं नाही. तर डोळ्यांत पाणी आलं तिच्या. निशाने तो नंबर आपल्याकडून काढून दिला, तेव्हा कुठं घरात शांतता झाली. निशाकडे तो नंबर कसा, हे विचारायचं राहून गेलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अक्षयशी आता रोज बोलणं होतं. दुपारी दुकान शांत झालं की मी लावतो. तो बोटीवर असला तर किनाऱ्यावर येऊन परत लावतो.

माशांचं विचारलं. काका, एवढ्या वर्षांत एक पण नळी माशान् खाल्ली नाय, असं म्हणाला. हसला नाही, हे मला आवडलं. मग मी मूळ मुद्द्यावर आलो. गेज कितीही चांगलं असलं तरी बघणारा कसा आहे त्यावर सगळं आहे. आमच्या फिल्टरचा काटा अडकलाय तो कुणी बघत नाही म्हणूनच. म्हणून त्याला नीट खोदून विचारलं, की पाण्याखाली जी माणसं पोरीबरोबर असतात ती कशी असतात? उदाहरणार्थ तूच कसा आहेस? नजर चांगली आहे का? चष्मा नाही. तंबाखू, दारू? नाही, पाण्यात जाणाऱ्याला ते चालत नाही. राग येतो का पटकन? म्हणाला, येतो काका, पण पाण्याबाहेर. घरी कोण कोण? आई, वडील, धाकटी बहीण शिकतेय. घर स्वतःचं, समोर नारळाची चार झाडं. वडिलांची बोट आहे.

हे मी गेजच्या संदर्भात विचारलं. आज फोन घरून लावला होता, उषा दाराआडून ऐकत होती. नारळाचं ऐकून का खूश झाली, देव जाणे.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

उषा म्हणाली, आजचा दिवस चांगला आहे, गेज सांगून टाका. मी म्हटलं, बघू. निशा ताटातली भाजी इकडून तिकडे करत बसली. मला वाईट वाटलं. पोरगी समजते की पप्पा मोठा विचार करताहेत. पप्पा टाळताहेत.

इथं लिहायला हरकत नाही. मला भीती वाटते. राजघाटावर तापीत तिला पोहायला मीच शिकवलं. ती बुडी मारायची अन् मी पायरीवर उभा. ती खाली असेपर्यंत माझा श्वास बंद असायचा. पलीकडे जैनाबादच्या बाजूला कुठंतरी तिचं डोकं वर आलं की मग मी श्वास घ्यायचो. आता ती तासभर खाली राहणार. तासभर मी काय करू? म्हणून मला तो आकडा मोबाइलवर पाहिजे. आकडा समोर असला की मी दुकानात बसून राहू शकेन. नाहीतर तिला मी कसं जाऊ देऊ, मला कळत नाही.

उषाने दराब्याचा डबा पॅक करून मालवणला कुरियर केला. गेजवाल्याला दराबा कशाला म्हटलं, तर म्हणे तुमच्याशी रोज बोलतो बिचारा, त्याचं तोंड गोड नको का? यात तथ्य आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काय सर्व्हिस आहे बावा. आमच्या कंपनीचा माणूस शेजारच्या तालुक्यातून यायचा तर दहा फोन करावे लागतात. हा अक्षय डेमो द्यायला मालवणहून जीप घेऊन येतोय. भरलेल्या टाक्या, दोन्ही गेज, सगळं घेऊन. मी फक्त म्हटलं होतं की डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझं मन मानत नाही. परवा फोपनारच्या शेततळ्यात डेमो.

उषाने पडदे धुतले. डेमो शेततळ्यात आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

क्रमाने लिहितो.

अक्षय काल संध्याकाळी पोचला. उंच, काळासावळा, बोलायला कमी. लॉजवर राहतो म्हणत होता, उषाने राहू दिलं नाही. कंपनीच्या माणसाला कुणी घरी ठेवतं का, असं मी तिला आत जाऊन म्हटलं, तर तिने भरताचं वांगं माझ्या हातात दिलं. त्याने भरीत खाल्लं अन् कळण्याची भाकरी परत मागून घेतली. पहिल्यांदा खाणारा माणूस ती भाकरी कधी मागत नाही.

सकाळी शेतावर गेलो. आपलं तळं प्लास्टिकच्या कागदाचं आहे. त्या कागदावर पाय पडला तर माणूस थेट पाण्यात जातो अन् वर येता येत नाही, म्हणून चारी बाजूंनी दोर टाकलेत, ट्यूब बांधली आहे अन् "कागदावर पाय ठेवू नये" अशी पाटी मी स्वतः रंगवली आहे. शेतावरचा गडी कडू खुर्च्या मांडून तयार होता. निशाने दोन्ही गेजं लावली, नळीचं पण अन् वायरलेस पण, म्हणजे मला बरोबरी करता यावी. अक्षयही तिच्याबरोबर उतरणार होता. एकट्याने कधीच उतरायचं नाही, हा म्हणे त्यांचा पहिला नियम.

मी खुर्चीत बसून मोबाइलवर ॲप उघडलं. गोल गोल फिरत राहिलं. मी म्हटलं, आकडा दिसत नाही. अक्षय जवळ आला, उकिडवा बसला अन् हळू आवाजात म्हणाला, "काका, आता नाय दिसणार. पाण्यात हे बोंड हातभर लांबच्या घड्याळाशी बोलतं, तेवढंच. पाण्याच्या बाहेर आकडा येत नाय. ॲपवर सगळं दिसतं, पण वर आल्यावर."

वर आल्यावर. मी तीन आठवडे ज्या आकड्याच्या जोरावर उभा होतो तो ती वर आल्यावर दिसणार होता.

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "वर आल्यावर मला ॲप कशाला पाहिजे? वर आली तर मला डोळ्यांनी दिसतेच ना." आवाज जास्त चढला असावा, कारण बागेतले बगळे उडाले. मी बादलीचा प्रयोग सांगितला. निशाने डोक्याला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं, अन् तिच्या लक्षात आलं असावं. म्हणाली, "पप्पा, तुम्हाला तिथून मला बघायचं होतं?" मी ॲप बंद केलं. जा, उतरा, म्हटलं.

दोघं उतरले. पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रांगा येत होत्या, त्यांच्यावर मी डोळे लावून बसलो. मग वारा सुटला, पाण्यावर लाटा आल्या अन् बुडबुडे दिसेनात. कुठल्या कोपऱ्यात गेले ते कळेना. मी उठलो. काठावर गेलो. जरा वाकलो. कडू मागून "भाऊ, कागद, कागद" करत होता, ते मला ऐकू आलं, पण अर्थ डोक्यात शिरेपर्यंत मी माझ्याच पाटीशेजारून घसरत पाण्यात गेलो.

पोहता मला येतं. पण तो कागद म्हणजे साबण आहे. हात टेकला की घसरतो, पाय टेकला की घसरतो. नाकातोंडात पाणी गेलं. उषा काठावर माझं नाव घेऊन ओरडत होती, लग्नानंतर पहिल्यांदा. तेवढ्यात खालून दोन बाजूंनी दोन हात आले. एका बाजूला निशा, एका बाजूला अक्षय. कडूने ट्यूब फेकली, ती माझ्या गळ्यात आली अन् मी तरंगू लागलो.

सगळे म्हणत होते, दोर धरा, बाहेर चला. मी म्हटलं, आता आलोच आहे तर दाखवा. एकदा बाहेर आलो असतो तर मला परत कुणी आत जाऊ दिलं नसतं. निशाने तिच्या टाकीची जादा नळी माझ्या तोंडात दिली, तिचा चष्मा माझ्या डोळ्यांवर बसवला, अन् ट्यूबमध्ये राहून मी तोंड पाण्यात घातलं. श्वास येत होता. पाण्याच्या खाली श्वास येत होता. हिरवं हिरवं दिसत होतं अन् निशाच्या छातीशी नळीला बांधलेली ती तबकडी हलत होती. मी ती हातात धरली अन् सवयीप्रमाणे काचेवर नखाने टिचकी मारली. गेज खरं बोलतंय की अडकलंय, हे बघायची आमची पद्धत आहे. अडकलेला काटा टिचकीसरशी उडी मारतो, हा जागचा हलला नाही. दीडशे.

मग एक गोष्ट बघितली. अक्षयने हात लांब केला, माझ्या हातातून ती तबकडी आपल्याकडे वळवली, बघितली, मान हलवली अन् सोडून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना शेजारच्याच्या ताटात भाकरी आहे का बघतात, तसं बघितलं. स्वतःच्या मनगटाकडे नंतर बघितलं.

बाहेर आल्यावर उषाने मला टॉवेलमध्ये गुंडाळलं अन् भरपूर बोलली. मी ऐकलं नाही. माझं ठरलं होतं. पाइपवालंच. मी कुठूनही बघू शकत नाही हे नक्की झालं, मग जवळ जो असेल त्याला हात घालून बघता आलं पाहिजे. निशाला तसं सांगितलं. ती ओल्या कपड्यांनीच गळ्यात पडली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

अक्षय पहाटे गेला. मी सकाळी उषाला म्हटलं, मी त्याच्या कंपनीला कळवणार आहे. हा माणूस निशाच्या टीमबरोबर कायमचा द्या. डेमो अन् विक्री कुणीही करेल, पण गेज बघायला असा माणूस मिळत नाही.

उषाने पोळी तव्यावर तशीच सोडली. आधी हसली, मग हसता हसता खाली बसली, मग पदराने डोळे पुसले. म्हणाली, "अहो, तो कुठल्या कंपनीचा नाही. निशाच्याच नव्या टीममध्ये आहे. ती शिकायला गेली तेव्हापासून, दोन वर्षं तिच्याबरोबर उतरतो. दोघांना लग्न करायचंय."

पोळी जळाली.

मी चिडलो, ते लिहायला नको. पहिलं विचारलं, कडूला माहीत होतं का? तर म्हणे कडूला काल ते दोघं जीपमधून उतरल्या उतरल्या कळलं. ती सोलकढीवाली बाई अक्षयची आई. रेंज घरात चांगली आहे, पोरगी त्याच्याशी बोलायला गच्चीवर जात होती. गावभर माझी अक्कल निघते अन् मी आपला माशांच्या दातांत अडकलेला.

मी म्हटलं, माहिती नाही, चौकशी नाही, असं कसं लग्न ठरतं? उषा म्हणाली, तीन आठवडे रोज पाऊण पाऊण तास तुम्ही काय करत होता? नजर विचारली, तंबाखू विचारला, राग विचारला, घर विचारलं, बोट विचारली. एवढी चौकशी कोणत्या बापाने केली नसेल. निशा म्हणतच होती, पप्पांना नाव सांगितलं की ते तोंड फिरवतील, आधी बोलू देत.

मासे खातात ते लोक, एवढं म्हटलं. उषा म्हणाली, भरीत पण खातात. मी न जेवता दुकानात गेलो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काल दिवसभर निशाशी बोललो नाही. तीही समोर आली नाही. ती फक्त माझ्या दुकानाच्या डब्यात लोणचं ठेवून गेली, जे उषा कधी ठेवत नाही.

आज दुकानात बसून मोटरला फोन लावला. काम नव्हतं. बाई म्हणाली, लाइट आहे, मोटर बंद आहे. बरं म्हटलं अन् ठेवला. मग बराच वेळ तसाच बसलो. डोळ्यासमोर सारखा तो हात येत होता, हिरव्या पाण्यात लांब झालेला. मी तिथं नसताना तो हात दोन वर्षं तिचा आकडा बघतोय. मला माहीतसुद्धा नव्हतं अन् माझी पोरगी रोज वर येत होती.

अक्षयला लावला. एका रिंगमध्ये उचलला. नमस्कार काका म्हणाला, पण आवाज खाली गेलेला. त्यालाही कळलं असणार. मी म्हटलं, एक प्रश्न राहिला आहे.

"विचारा काका."

"तिचं गेज तू बघतोस, ते मी बघितलं. तुझं कोण बघतं?"

तो म्हणाला, "निशा बघते, काका. पण माझो आकडो मनगटावर आसा, तिका माझो हात पिरगळून बघूक लागता." बोलता बोलता त्याची घरची भाषा आली.

मी म्हटलं, "हे बरोबर नाही. दोन पाइपवाली सांगतो. एक तिला, एक तुला. वायरलेस राहू दे त्याच्या जागी, पण नळी दोघांना पाहिजे."

तो हो काका, हो काका, असं दोनदा म्हणाला. मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक आलंय, ठेवतो. गिऱ्हाईक नव्हतं.

घरी आलो तर निशा दारात उभी. त्याने लगेच कळवलेलं दिसतंय, वायरलेस. मी चपला काढत म्हटलं, मला भरीत पाहिजे, अन् त्या पोराला सांग, पुढच्या वेळी यायचं तर लॉजचं नाव काढायचं नाही. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं अन् भोकाड पसरलं. लहानपणी पडायची तेव्हा रडायची, तसंच. मलाही रडू आलं. उषाने दोघांना पाणी दिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

निशाला गाडीत बसवून दिलं. बॅगेत दोन्ही गेजं मी माझ्या हाताने ठेवली, फडक्यात गुंडाळून. गाडी हलली तेव्हा तिला सांगितलं, टिचकी मारत जा. ती म्हणाली, पप्पा, नवीन गेजला टिचकी मारायची गरज नसते. मी म्हटलं, तरी मार.

घरी येऊन फोपनारला गेलो अन् फिल्टरचं अडकलेलं गेज काढून नवीन बसवलं. कडू म्हणाला, भाऊ, आता कसं काय सुचलं? त्याला पाटी परत रंगवायला सांगितली, मोठ्या अक्षरात.

९ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी ती नोकरीत पहिल्यांदा उतरली. मला वेळ माहीत होती. दुकान बंद ठेवलं, घरात बसवेना, म्हणून राजघाटावर गेलो अन् पायरीवर जाऊन बसलो. तापी आता निवळली आहे. पलीकडे जैनाबादकडे कुणीतरी बैल धूत होतं. एकदोनदा श्वास धरला अन् मग वय आठवून सोडला.

उषाचा फोन आला, अक्षयचे आईवडील पुढच्या रविवारी येताहेत, कोकम कुठं मिळेल ते बघा. बुऱ्हाणपुरात कोकम. बघतो म्हटलं. नारळ ते घेऊन येतील.

मग मोबाइल वाजला. अक्षयचा मेसेज. "काका, दोघे वर आलो. जेवायला चाललो." खाली फोटो. बोटीच्या ओल्या फळीवर दोन तबकड्या शेजारी शेजारी, दोन्हींचे काटे ऐंशीवर.

आकडा शेवटी मोबाइलवर आलाच. वर आल्यावरच आला, पण आला.

फोटो मोठा करून बघितला. नखाने स्क्रीनवर टिचकी मारली, आधी तिच्या काचेवर, मग त्याच्या. काटे हलले नाहीत. मी उठलो, पँट झटकली अन् कोकम शोधायला शनवाऱ्याकडे निघालो.